जोडीतलं एक पिस्तूल

ब्रेशा, ४ ऑक्टोबर १९८७, रविवार

"डॉक्टर, वरचा माणूस ऐकेल असं वाटतंय." जुन्या वस्तूंच्या बाजारात दलाल झिलिओलीनं आज मला खांबाआड ओढून सांगितलं. मी डॉक्टर नाही. चष्मेवाला होतो, आणि आता दुकानही बंद केलंय. पण झिलिओलीला मला काही विकायचं असलं की मी डॉक्टर होतो आणि माझ्याकडून काही घ्यायचं असलं की नुसता जोवीता.

वरचा माणूस म्हणजे वर खोऱ्यात, बोवेन्योला राहणारा माझा थोरला भाऊ. त्याचं नाव मी घेत नाही, इथेही लिहिणार नाही. वडील गेले त्या वर्षापासून आमचं बोलणं बंद आहे.

घरी आल्यावर पेटी काढून बसलो. माझ्या काचेच्या कपाटात तळहातावर मावणारी कितीतरी पिस्तुलं आहेत, लिएजची, लंडनची, आणि सोन्याची घड्याळंही आहेत, ज्यांच्या झाकणावर फुलापानांची नक्षी आहे. लोक बघायला येतात, वाहवा करतात. पण माझा जीव या अक्रोडाच्या पेटीत अडकलाय. आत हिरवी मखमल आणि मखमलीत दोन खळगे. एकात माझं पिस्तूल, नळीवर सोन्यानं दोनचा आकडा. दुसरा खळगा रिकामा. एक आकड्याचं वरच्याकडे आहे, तेच विकत घ्यायला मी झिलिओलीला मध्ये घातलंय. दोन्ही आमच्या पणजोबांनी कोरलेली. एकावर धावणारा कुत्रा, दोनवर पळणारा ससा. शेजारी ठेवली की शिकार दिसते. नुसता ससा पाहिला तर तो कशाला पळतोय तेच कळत नाही.

वडिलांनी वाटणीच तशी केली. एक पिस्तूल त्याला, दुसरं आणि पेटी मला. सोन्याचं घड्याळ मला आणि त्याला चावी द्यायची किल्ली वरच्याला! किल्लीवाचून घड्याळ कुणी देतं का? शेवटी म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय. मी आठवड्याभरात बाजारातून त्या मापाची किल्ली आणली. तेव्हापासून घड्याळ उत्तम चालतंय, कुणाच्या दारी जायला लागलं नाही.

आणि भांडण कशावरून, तर मी दोन आकड्याचं स्वच्छ केलं यावरून. काळं पडलं होतं, मळकट दिसत होतं, मी पॉलिश लावून घासलं. वडिलांना महिना झाला तेव्हाच्या प्रार्थनेनंतर तो घरी आला, त्यानं पेटी उघडली आणि त्याचा चेहराच बदलला. "पणजोबाचा हात पुसून टाकलास," म्हणाला. "चष्मेवाल्या, घासायला तुला काच मिळाली नाही का?" तो स्वतः नक्षी कोरणारा, बंदुकांवर हरणं आणि पक्षी काढून पोट भरलेला. म्हणून त्याला तेवढा रुबाब. मग मीही बोललो. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

सशाचे केस जरा पुसट झालेत, एवढंच. भिंगाखाली अजून दिसतात. थोडे दिसतात.

११ ऑक्टोबर, रविवार

इनेस सकाळी म्हणाली, "आज मांस सळईवर भाजू या का?"

"दोघांसाठी?" मी म्हणालो. आमच्याकडे सळई लावायची तर चार-पाच तास विस्तवापाशी बसायचं, लोणी सोडत राहायचं. दोन माणसांसाठी एवढा घाट कुणी घालत नाही. वडील असताना आम्ही चौदा-पंधरा जण जेवायला असायचो आणि सळई फिरवायचं काम वरच्याचं. कोपऱ्यात बसून वाइन पीत तो फिरवायचा आणि शेजारी मक्याचं पीठ शिजत असायचं, त्याकडे बोट दाखवून मला म्हणायचा, "पोलेंटा ढवळ, हात थांबला की चपराक मिळेल."

"दोघांसाठीच कशाला," इनेस म्हणाली. "खोऱ्यात जाऊन कुणाला तरी बोलवता येतं. बस जाते म्हणे तिकडे. माणसंच चढतात तिच्यात."

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली तरी बायकोला टोमणा मारायचा कंटाळा येत नाही.  दुपारी उकडलेलं मांस खाल्लं. जेवण बरं झालं, पण सळईचा घरभर वास सुटायचा, त्याची फार आठवण आली.

१८ ऑक्टोबर, रविवार

झिलिओली वर जाऊन आला. वरच्याची अट आहे. म्हणाला, जोडी जुळवायची तर दोन्ही शेजारी ठेवून बघायला लागतात. एक आकडा हलणार नाही, दोन आकड्याला वर पाठवा.

रीत तशीच आहे, हे मान्य. फोटोवरून जोडी जुळवणारा गाढव. पण ही जोडी कुणी जुळवायची? दोघं एकाच घरात वाढलो, पावसाळी दुपारी त्याच पेटीशी खेळलो. मी ससा धरायचो आणि तो कुत्रा. टेबलाखालून तो मला पकडायचा. त्याला माझं पिस्तूल ठाऊक नाही?

"तो बघून देणारच, असं म्हणाला का?" मी विचारलं.

"तो काही म्हणाला नाही हो. नुसतं 'पाठवा' म्हणाला. त्याच्याशी बोलायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं. तुमच्या घरचाच गुण दिसतोय."

इनेस आत भांडी घासत होती. तिथून ओरडली, "पाठव! पेटीत पडून ते काय अंडी घालणार आहे?"

२४ ऑक्टोबर

दिलं. मऊ फडक्यात गुंडाळून झिलिओलीच्या हातात दिलं. आता पेटीत दोन्ही खळगे रिकामे. पूर्वी एक होता तर डोळ्यांत भरायचा. आता दोन्ही बघवत नाहीत, म्हणून झाकण लावून टाकलं.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

दफनभूमीत गेलो. आई-वडिलांच्या थडग्यापाशी नेहमीप्रमाणे एक कुंडी आधीच होती, पिवळ्या शेवंतीची. तो दरवर्षी पहाटेच्या बसनं येतो आणि मी पोचायच्या आत निघून जातो. मग मी पांढऱ्या शेवंतीची कुंडी ठेवतो. आई-वडील सुखी असतील, मुलं किती शिस्तीत येतात म्हणून.

यंदा कुंडी चौथऱ्याच्या कडेवर अर्धी बाहेर होती, पडायच्या बेतात. ज्या माणसानं जन्मभर केसाएवढी रेघ सरळ ओढली, त्याला कुंडी सरळ ठेवता येऊ नये? वाऱ्यानं सरकली असणार. मी ती मधोमध ठेवली आणि माझी तिच्या शेजारी.

सेरेना बाई भेटली, दुकानातली जुनी गिऱ्हाईक. नेहमीचंच विचारलं, "काय जोवीता, दुसरा कुठंय?" आमच्या शहराचे रक्षक संत दोन, दोघे भाऊ, फाउस्तीनो आणि जोवीता. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप येतं. बापानं तीच नावं ठेवली आणि लहानपणापासून हा प्रश्न मागे लागला. "येऊन गेला," मी सांगितलं. तेवढं तर खरं होतं.

त्याचं नाव शेवटी लिहून बसलोच की. जाऊ दे, ते संताचं आहे.

१४ नोव्हेंबर

इनेस आज खोऱ्यात गेली होती, चीजसाठी. चीज कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं, पण ती म्हणते वरच्या गुराख्याकडचं वेगळं. बरेच महिने झाले, ती अशी जाते. मीही तिला अडवत नाही. चीज खरंच चांगलं असतं.

जेवताना तिनं विचारलं, "दिव्याभोवती कडं दिसायला लागलं तर काय समजायचं?"

"कुणाला दिसतंय?"

"सहज विचारलं."

मी नीट सांगितलं. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, त्याला मोतीबिंदू म्हणतात. बऱ्याच जणांना कडं दिसतं, ऊन आणि चकाकी सहन होत नाही, सावलीत त्यातल्या त्यात बरं दिसतं. चष्म्याचा नंबर बदलून थोडे दिवस भागतं, पण शेवटी शस्त्रक्रिया. "अवघड असते?" तिनं विचारलं. हल्ली नाही, म्हटलं, वेळेवर गेलं तर. न जाणारे असतात हट्टी.

"असतात," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

मला काळजी वाटली. दुसऱ्या खोलीतून काचांची पेटी काढली, तिला खिडकीशी बसवून दोन्ही डोळे तपासले. उत्तम आहेत. तपासताना ती हसत होती. "तू माझेच डोळे बघ," म्हणाली. बायकांना कधी काय सुचेल सांगता येत नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

झिलिओलीचा पत्ता नाही. बाजारातही नव्हता. फोन केला तर त्याची बहीण म्हणते, तो गावाला गेलाय. मला आता खात्री वाटायला लागलीय. वरच्यानं एक आकडा दिलाच नाही, शिवाय दोन आकडाही ठेवून घेतला. जोडी झाली, पण त्याच्याकडे! मी मात्र रिकामी पेटी घेऊन बसलोय, बरोबर आहे, गाढवपणा केला की असंच होतं.

संध्याकाळी लोज्जाच्या चौकात गेलो. घड्याळाच्या मनोऱ्यावरचे दोघे वेडे, म्हणजे तास वाजवणारे ते काशाचे पुतळे, घंटेवर हातोडे मारत होते. लहानपणी मी म्हणायचो डावीकडचा मी, उजवीकडचा फाउस्तीनो. तो म्हणायचा, नाही, डावीकडचा मी, कारण तो आधी मारतो. यावरून आम्ही चौकात मारामारी केली होती आणि एका पोलिसानं दोघांचे कान धरले होते.

राग आलाय म्हणून लिहायला बसलो, पण राग फारसा सापडत नाही. मला पिस्तूल हवंय, हे खरंच आहे. पण पिस्तूल मिळून पेटी भरली, तर पुढच्या रविवारी मी झिलिओलीला काय विचारणार? वरच्याची खबर कोण आणणार? तो कसा आहे, काय म्हणाला, चिडला का, एवढं तरी दर आठवड्याला कानावर येतं.

१२ डिसेंबर, शनिवार

आज सांता लुचीयाच्या सणाची आदली संध्याकाळ. घराघरांतून पोरांनी खिडकीत तिच्या गाढवासाठी पेंढा आणि संतिणीसाठी दूध ठेवलं असेल. ती येते, भेटी ठेवते आणि जाते, कुणी चोरून बघितलं तर डोळ्यात राख फेकते. माझ्या दुकानात तिची तसबीर होती, थाळीत डोळे घेतलेली. डोळ्यांची ती संतीण, आणि आमचं पोट तिच्यावर.

चहाच्या वेळी झिलिओली आला. हातात एकच पुडकं.

"एक आकडा?" मी विचारलं.

"नाही. तुमचाच आहे, परत आणलाय. एक आकडा विकायचा नाही म्हणतोय, कधीच विकायचा नव्हता म्हणतोय."

"मग दोन महिने काय करत होता?"

"ते मला विचारू नका," झिलिओली म्हणाला आणि टोपी घालायला लागला. "हां, निरोप आहे. म्हणाला, चष्मेवाल्याला सांग, परत घासू नको."

फडकं सोडून पिस्तूल उजेडात धरलं. सशाला केस आले होते. पाठीवरचे, कानावरचे, पोटाखालचे, मी पुसून टाकलेले सगळे केस. गवताचं पातं न् पातं उभं राहिलं होतं.

आधी चिडलोच. जुन्या वस्तूचे दोन नियम आहेत, घासायचं नाही आणि पुन्हा कोरायचं नाही. पहिला मी मोडला, दुसरा त्यानं मोडला. आता हे पिस्तूल कुठल्याही संग्राहकाला दाखवलं तर तो तोंड फिरवील. इनेसला तसं म्हणालो. ती दारात उभी होती. ती म्हणाली, "आधी बघ तरी. भिंग लावून बघ. तुझं कामच ते आहे."

म्हणून भिंग लावलं.

पोटाखालचं आणि खाचांतलं काम असं की पणजोबांनी पाठ थोपटली असती. पण वरच्या बाजूला, जिथे पोलाद सर्वांत जास्त चकाकतं, तिथे रेघा भरकटल्या होत्या. एकीवर दुसरी चढलेली, मध्येच जागा सुटलेली. पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्याच्या खुणा. आणि सशाचा डोळा जागेवर नव्हता. किंचित बाहेर, गालावर उतरलेला. फाउस्तीनोनं डोळा चुकवला. लहानपणी चुलीच्या कोळशानं भिंतीवर काढायचा तेव्हासुद्धा डोळा कधी चुकायचा नाही.

अंधाऱ्या भागात हात सरळ, चकाकीत चुकलेला. असे डोळे मी जन्मभर तपासले. रोगाचं नाव सांगायला मला अक्षरांची पाटी वाचून घ्यायची गरज नाही.

मग कडेवर ठेवलेली कुंडी आठवली. दिव्याभोवतीचं कडं आठवलं. इनेसकडे बघितलं. ती चीजच्या बहाण्यानं बोवेन्योला कुणाकडे जात होती ते इतक्या महिन्यांत मला कळलं नाही, आणि डोळे तपासणं हा माझा धंदा होता.

"मला त्यानं शपथ घातली होती," ती म्हणाली. "म्हणाला, माझ्या डोळ्यांचं त्याला सांगितलंस तर दार उघडणार नाही. म्हणून मी तुला नुसतं विचारलं, सांगितलं काहीच नाही. तूच समजला नाहीस त्याला मी काय करू?"

"पण मग हे काम कशाला घेतलं? दिसत नसताना?"

"दिसतंय तोवर करायचंय म्हणाला. दुसरं कुणी केलं तर चष्मेवाला ओळखेल म्हणाला."

ती चकाकी माझीच. मीच घासून आणली होती. तिच्यावर तो डोळे मोडून रेघा ओढत बसला.

१३ डिसेंबर, सांता लुचीया. बोवेन्यो

हे मी फाउस्तीनोच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. तो विस्तवापाशी सळईवर मांस फिरवतोय आणि मला ओरडतोय की वहीत काय खरडतोस, पोलेंटा लागेल.

सकाळी वडिलांच्या घड्याळाला चावी दिली नाही. बाजारातली किल्ली खणात टाकली. बाहेर पडताना इनेसनं केकची पुरचुंडी हातात दिली. ती आदल्या दिवशीच बांधून ठेवलेली होती. "पिस्तुलाची पेटी नाही घेतलीस?" तिनं विचारलं. नाही, म्हटलं. दुसरी घेतलीय. तिलाही आतून मखमल आहे, काचा ठेवायला. तिनं फक्त माझा मफलर सारखा केला.

बसमध्ये बोलायचं सगळं जुळवलं होतं. वर बर्फ पडलेलं, ऊन लख्ख. दार ठोकलं. त्यानं उघडलं आणि हात कपाळावर धरला. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी सरळ, आणि म्हणाला, "कोण आहे?"

मला वाटलं चिडवतोय. मग कळलं, नाही.

जुळवलेलं सगळं विसरलो. "चष्मेवाला," मी म्हणालो.

त्यानं कपाळावरचा हात खाली घेतला. मग दारातून बाजूला झाला. "ये आत. दार लाव, ऊन खुपतं." आणि आत जाता जाता, "सशाचा डोळा चुकलाय ना?"

"गालावर गेलाय."

"मला वाटलंच. बोटाला लागत होतं. वाईट दिसतं?"

"पणजोबापेक्षा बरं आहे," मी म्हणालो. त्यानं मला शिवी दिली. लहानपणचीच.

त्याला खिडकीपासून लांब बसवलं आणि काचा एकेक लावून बघितल्या. उजवा जवळजवळ गेलाय, डाव्यात जीव आहे. गुरुवारी मी त्याला खाली आणतोय, माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला बघू, मग म्हणाला तिथे जेवायला काय देतात. म्हणजे येईल. एक आकडा त्याच्या बाकावर ठेवलेला होता. काळासावळा, मुरलेला, कुत्रा अजून धावतोय. मी हात लावला नाही.

मग मी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बंद पडलंय," म्हणालो.

त्यानं ते चाचपून उचललं. झाकणावरून अंगठा फिरवला आणि ओळखलं. त्याच्या जाकिटाला साखळी होती. मला वाटलं तिला त्याचं स्वतःचं घड्याळ असेल. त्यानं ओढून काढली तर टोकाला नुसती किल्ली. इतकी वर्षं तो नुसती किल्ली लावून हिंडत होता.

"तू तर दुसरी आणलीस ना बाजारातून? झिलिओली म्हणाला होता."

"ती बसत नाही नीट," मी म्हणालो.

ती अगदी नीट बसते, आणि हे त्यालाही माहीत असणार. त्यानं घड्याळाचं झाकण उघडलं. न बघता किल्ली भोकात घातली, सावकाश चावी दिली आणि घड्याळ कानाला लावलं. चालू झालं होतं. मग त्यानं ते किल्लीसकट माझ्यापुढे सरकवलं.

"काटे तू लाव, जोवीता," तो म्हणाला. "मला दिसत नाहीत."